थांबवायची तारीख: भूक मारणाऱ्या गोळीचं एक प्रकरण

बाईंनी औषधाची डबी माझ्या टेबलावर उपडी केली. दोन कॅप्सूल पडल्या. एक घरंगळत बीपीच्या यंत्रापाशी जाऊन थांबली. डबी 18 दिवसांपूर्वी भरली होती, 28 कॅप्सूल, रोज सकाळी एक. हिशेबानं दहा उरायला हव्या होत्या.

आठ कुठे गेल्या ते विचारायची गरज नव्हती. यंत्रावर आकडे दिसत होते: 162/100, नाडी 112.

हे प्रकरण मी त्यांची चूक दाखवायला लिहीत नाहीये. चूक माझीही होती, आणि त्यांच्या आधीची होती. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधाबद्दलचं सगळं जसंच्या तसं आहे.

सुरुवात कुठून झाली

बाई 44 वर्षांच्या. उंची 158 सेंटिमीटर, वजन 86 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) 34च्या थोडा वर. दिवसभर बसून हिशेब तपासायचं काम. गुडघे कुरकुरू लागलेले, तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आहार आणि चालणं यांच्या जोरावर दोनदा सात-आठ किलो उतरवलं होतं आणि दोन्ही वेळा ते व्याजासकट परत आलं होतं.

"काय खावं ते मला कळतं, डॉक्टर. हात थांबत नाही, एवढंच आहे."

वजनाच्या औषधाचा विचार साधारणपणे बीएमआय 30च्या पुढे करतात, किंवा 27च्या पुढे आणि सोबत बीपी, साखर असा एखादा त्रास असेल तर. त्या पहिल्याच अटीत बसत होत्या. मी फेन्टरमिन निवडलं. हे जुनं औषध आहे, अमेरिकेत 1959 पासून वापरात; काही देशांत मिळतं, काही देशांत नाही. मेंदूत नॉरएपिनेफ्रिन वाढवून ते भूक दाबतं. हेच रसायन अंगावर संकट आल्यावर हृदय जोरात पळवतं आणि रक्तवाहिन्या आवळतं. भूक मरते ती शरीर थोडं सावध अवस्थेत ठेवल्यामुळे, हे लक्षात ठेवलं की या औषधाचे जवळजवळ सगळे नियम आपोआप समजतात. सकाळीच का घ्यायची, तोंडाला कोरड का पडते, झोप का उडते, हृदयविकार असलेल्याला का द्यायची नाही, सगळ्याचं उत्तर तिथेच आहे.

द्यायच्या आधी विचारायचं ते विचारलं. हृदयाचा आजार, काबूत नसलेलं बीपी, वाढलेला थायरॉईड, काचबिंदू, व्यसनाचा इतिहास, गर्भारपण, अंगावर पाजणं. एमएओआय गटाचं नैराश्यावरचं औषध गेल्या 14 दिवसांत घेतलंय का, हेही. सगळ्याला नाही. ईसीजी ठीक, थायरॉईड ठीक, बीपी 128/82, नाडी 78. रोज सकाळी नाश्त्याच्या सुमारास 15 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल. (आम्ही दोघीही तिला गोळीच म्हणायचो, इथेही तेच म्हणते.)

आता मी काय केलं नाही ते. "दुसरी काही औषधं चालू आहेत का?" असं विचारलं. त्या म्हणाल्या, नाही. हा प्रश्नच फसवा आहे. सर्दीची गोळी, जिममधली पावडर, कुणीतरी आणून दिलेला वजनाचा 'नैसर्गिक' चहा यांना कुणी औषधात धरत नाही. दुसरं, झोपेबद्दल आणि घोरण्याबद्दल मी विचारलंच नाही.

आणि तिसरं. दाराशी जाता जाता त्यांनी विचारलं होतं, "किती दिवस घ्यायची?" मी म्हटलं, "बघू, कसं वाटतं त्यावर."

त्या 'बघू'वर मी पुढे बराच विचार केला. फेन्टरमिन थोड्या आठवड्यांसाठी आहे असं औषधाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. सहसा 12 आठवडे ही मर्यादा धरतात. मला ते माहीत होतं. त्यांना मी ते सांगितलं नाही, कारण पहिल्याच दिवशी उत्साहावर पाणी ओतायला नको वाटलं.

चांगले चार आठवडे

चौथ्या आठवड्यात वजन 83.4. या औषधाची एक साधी कसोटी आहे: चार आठवड्यांत निदान दोन किलोच्या आसपास उतरलं नाही, तर पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही. 2.6 उतरलं होतं. बीपी 130/84, नाडी 84. घशाला कोरड, पहिले चार दिवस झोप उशिरा, मग ठीक.

त्या खूश होत्या. "दुपारचं जेवण आठवतच नाही आता," म्हणाल्या. मी हसले. तिथे हसायला नको होतं. या वाक्याकडे परत येऊ.

आठव्या आठवड्यात त्यांचा फोन आला. कामाचा हंगाम होता, यायला जमत नव्हतं. घरच्या काट्यावर 81.9, त्रास काही नाही, गोळ्या संपत आल्यात. मी 28 दिवसांची चिठ्ठी वाढवून दिली. बीपी विचारलं नाही. घरी यंत्र नव्हतंच, विचारून मिळालंही नसतं. पण मग चिठ्ठी द्यायलाही नको होती.

चार वाजताची गोळी

पुढचं मला नंतर कळलं, तुकड्यातुकड्यांत.

नवव्या आठवड्यात संध्याकाळची भूक परत आली. साधीसुधी नव्हे, हात थरथरावा अशी. त्यांना वाटलं, सकाळची गोळी दुपारपर्यंत उतरते. आठ-दहा दिवस दात-ओठ खाऊन काढले आणि मग एके दिवशी चार वाजता दुसरी घेतली. संध्याकाळ शांत गेली. रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा नाही. सकाळी डोकं जड, म्हणून एकाऐवजी तीन कप कॉफी. चार वाजता पुन्हा भूक, पुन्हा गोळी. असं आठ दिवस चाललं. शेवटच्या तीन दिवसांत सर्दी झाली, तेव्हा घरात पडलेली नाक मोकळं करणारी गोळी सुरू केली, दिवसातून दोनदा. तिच्यात स्यूडोएफेड्रिन होतं.

म्हणजे एकाच दिशेनं ओढणाऱ्या तीन गोष्टी. फेन्टरमिन दुप्पट, कॅफिन तिप्पट, वर स्यूडोएफेड्रिन. तेही रक्तवाहिन्या आवळूनच नाक मोकळं करतं. जिना चढताना छातीत पाखरू फडफडल्यासारखं झालं, तेव्हा घाबरून आल्या.

ईसीजीत ठोके वेगवान होते, लय नीट होती. मी तीन गोष्टी खोदून विचारल्या: पूर्वी जमायचं ते काम करताना आता दम लागतो का, छातीत दुखतं का, पायांवर सूज आहे का. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढण्याचा एक दुर्मिळ पण गंभीर आजार भूक मारणाऱ्या काही औषधांशी जोडला गेला आहे, आणि त्याची सुरुवात अशीच चोरपावलांनी होते. तिन्हींचं उत्तर 'नाही' असं आलं. नुसती धडधड, तीही दोन दिवसांची.

गोळी बंद, सर्दीची गोळी बंद, कॉफी सकाळी एक कप. तासभर आतल्या खोलीत पडून राहिल्यावर 148/94 झालं. घरी नेता येईल असं यंत्र दिलं आणि बजावलं की छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली, डोकं असह्य दुखू लागलं किंवा नजर अंधुक झाली, तर माझी वाट न पाहता थेट इस्पितळ गाठायचं. चौथ्या दिवशी 134/86, नाडी 80.

भूक नेमकी का परतली

मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं ते इथे आहे, म्हणून जरा रेंगाळते.

"सकाळची गोळी दुपारपर्यंत उतरते" हा त्यांचा तर्क ऐकायला बरोबर वाटतो. पण फेन्टरमिन रक्तात निम्मं व्हायलाच सुमारे 20 तास घेतं. चार वाजता सकाळची गोळी बऱ्यापैकी शिल्लक होती, आदल्या दिवशीचीही थोडी होती. दुसरी गोळी भरल्या भांड्यात ओतली जात होती. रात्री दोन वाजता झोप कुठे गेली, याचं उत्तर तेच.

मग भूक का? त्या दिवसभर खात नव्हत्या, म्हणून. मी ज्यावर हसले होते ते वाक्य आठवा. सकाळी दोन घास, दुपारचं जेवण गायब, चार वाजेपर्यंत पोट रिकामं. औषध भुकेचा आवाज दाबतं, शरीराची गरज दाबत नाही. आठ-नऊ तासांच्या उपासानंतर शरीर ओरडणारच, आणि औषधाला पुरून उरेल एवढ्यानं ओरडणार. त्यावर त्यांनी आवाज दाबणारा हात आणखी जड केला. त्यानं झोप गेली. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं, तृप्ती सांगणारं लेप्टिन उतरतं. दुसऱ्या दिवशीची भूक आणखी मोठी. गोळीनं झोप खाल्ली, तुटलेल्या झोपेनं भूक वाढवली, वाढलेल्या भुकेनं पुढची गोळी मागितली.

या गोळीवर असताना भुकेच्या भरवशावर जेवायचं नसतं, घड्याळाच्या भरवशावर जेवायचं असतं. थोडं खा, पण वेळेवर खा, आणि त्या थोड्यात प्रथिनं असू द्या. नाहीतर उतरणाऱ्या किलोंत चरबीबरोबर स्नायूही जातात. हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. आहाराचा कागद दिला होता मी, त्यात काय आणि किती ते होतं, केव्हा ते नव्हतं.

दुसरंही एक कारण आहे आणि त्यात बाईंचा काही दोष नाही. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायच्या मागे लागतं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहारानं वजन उतरवलेल्यांची संप्रेरकं वर्षभरानंतर पुन्हा तपासली, तेव्हाही ती भुकेच्या बाजूनंच झुकलेली होती. औषधाचा असर ओसरल्यासारखा वाटतो त्यात या ओढीचाही वाटा असतो. फेन्टरमिनच्या बाबतीत त्यावरचा नियम सरळ आहे: असर कमी झाला तर डोस वाढवायचा नाही, औषध थांबवायचं. लोक नेमकं उलट करतात. डोकेदुखीच्या गोळीनं आपल्याला तसंच शिकवलंय ना, एकीनं राहिलं नाही तर दुसरी घ्या.

थोडं मागचं

बाईंनी नंतर विचारलं, "एवढी जुनी गोळी, मग धोकादायक कशी?" वजनाच्या औषधांचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न उलटा विचारावासा वाटतो. फेन्टरमिनच्या जोडीला फेनफ्लुरामिन द्यायची टूम नव्वदच्या दशकात जोरात होती. 1997 मध्ये 24 स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचं प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी फेनफ्लुरामिन बाजारातून गेलं. फेन्टरमिन एकटं राहिलं. सिब्युट्रामिनची हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे 9,800 जणांत चाचणी झाली, हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढलेले दिसले, आणि 2010 मध्ये तेही गेलं. लोर्कासेरिन 2020 मध्ये, कर्करोगाच्या शंकेवरून.

पण सिब्युट्रामिन खरोखर गेलं का? वजन उतरवणाऱ्या 'वनस्पतीजन्य' कॅप्सूल आणि पावडरींमध्ये ते आजही लपवलेलं सापडतं, आणि औषध नियंत्रक त्याबद्दल वेळोवेळी इशारे देतात. म्हणून आता मी "काही औषधं घेता का?" असं विचारत नाही. "गेल्या महिन्यात तोंडात काय काय टाकलंत, चहा-पावडरीसकट, ते सगळं पिशवीत घालून आणा," असं सांगते. लोक लाजत लाजत आणतात. पिशव्या बघण्यासारख्या असतात.

दुसरा प्रयत्न

गोळी थांबल्यावर तीन आठवड्यांत वजन 81.2 वरून 82.6 वर गेलं. बाई खचल्या. मी त्या काळात नवं काही सुरू केलं नाही. आधी झोप तपासली. घोरणं होतंच, झोपेत श्वास अडकत होता. श्वासाचं यंत्र सुरू झालं आणि महिन्याभरात सकाळचं बीपी 124/80 वर आलं. संध्याकाळची भूकही नरमली, निव्वळ झोपेनं आणि दुपारच्या जेवणानं.

मग पुन्हा औषधाचा विषय त्यांनीच काढला. नाल्ट्रेक्सोन आणि ब्युप्रोपिऑनची जोडगोळी बीपी वाढवू शकते. नुकतंच जे पाहिलं त्यानंतर ती मी बाजूला ठेवली. आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन बोलण्यात आलं. ते वेगळ्या वाटेनं भूक कमी करतं. आतड्यातल्या तृप्ती सांगणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करतं, पोट हळू रिकामं होतं, मेंदूला लवकर पुरे वाटतं. नाडी थोडी वाढू शकते, पण फेन्टरमिनसारखं शरीर ताणून धरणं नाही. त्याच्या अडचणी वेगळ्या: मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ, पित्ताशयातले खडे, क्वचित स्वादुपिंडाची सूज. आणि एक ठाम मनाई, स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात मेड्युलरी प्रकारचा थायरॉईडचा कर्करोग झालेला असेल तर नाही.

"मावशीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं," बाई म्हणाल्या. कसलं, ते कुणालाच धड आठवेना. घरात दोन मतं होती. मी सांगितलं, कागद मिळाल्याशिवाय सुई नाही. दोन आठवडे शोधाशोध चालली, शेवटी मावशीच्या ट्रंकेत साड्यांखाली पिवळा पडलेला रिपोर्ट निघाला: साधं गलगंड, कर्करोग नाही. बाई तो कागद घेऊन आल्या तेव्हा परीक्षेत पास झाल्यासारखा चेहरा होता.

या वेळी पहिल्याच दिवशी कागदावर तारखा लिहिल्या. आठवड्याला 0.25 मिलिग्रॅमपासून सुरुवात, चार-चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 आणि सोसलं तरच 2.4. मळमळ असेल तर वरच्या पायरीवर जायचं नाही, घाई कुणालाच नाही. पोटात वर, पाठीकडे जाणारी न थांबणारी कळ आली तर इंजेक्शन बंद आणि लगेच डॉक्टर. उलट्या-जुलाब लागले तर पाणी कमी पडू द्यायचं नाही, मूत्रपिंडांवर ताण येतो. गर्भधारणेचा विचार असेल तर दोन महिने आधी बंद. त्यावर त्या खो-खो हसल्या, पण 44 व्या वर्षी हा प्रश्न निकालात निघालेला नसतो. गर्भनिरोधनाचं काय चाललंय ते मी विचारून घेतलं.

'किती दिवस?' या प्रश्नाचं उत्तर इथे मात्र उलटं होतं, आणि ते सांगणं जास्त अवघड गेलं. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं, नकली औषधावर (दिसायला तसंच, पण आत औषध नसलेलं) 2.4 टक्के. दुसऱ्या चाचणीत सगळ्यांना 20 आठवडे औषध दिलं आणि मग काहींचं गुपचूप बंद करून नकली दिलं. ज्यांचं चालू राहिलं त्यांचं पुढच्या 48 आठवड्यांत आणखी 7.9 टक्के उतरलं, ज्यांचं बंद झालं त्यांचं 6.9 टक्के परत चढलं. म्हणजे थोडे दिवस घेऊन सोडून देण्यासारखं हे औषध नाही. बीपीच्या गोळीसारखं, वर्षानुवर्षं.

त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "गेल्या वेळी हे असं बोलला असतात तर मी सुरूच केली नसती."

"म्हणूनच बोलले नाही," मी म्हटलं. हे खरं होतं आणि बरोबर नव्हतं.

त्यांनी विचाराला पंधरा दिवस घेतले आणि मग सुरू केलं. मी हे लिहीत असताना त्या 1 मिलिग्रॅमवर आहेत, वजन 76.8, दोन वेळा मळमळीमुळे पायरी लांबवली. दर चार आठवड्यांनी भेट, फोनवर चिठ्ठी नाही. फेन्टरमिन मी अजूनही देते, पण त्या चिठ्ठीवर आता खाली एक चौकट छापून घेतली आहे: आजचं बीपी, आजची नाडी, शेवटच्या गोळीची तारीख. चौकट रिकामी असेल तर आमच्या काउंटरवरची मुलगी चिठ्ठीवर शिक्का मारत नाही. दोनदा तिनं मलाच परत पाठवलंय.

त्या दोन गोळ्यांचं राहिलं. त्या दिवशी गडबडीत डबी बाईंबरोबरच घरी गेली होती. सेमाग्लुटाइड सुरू करायच्या दिवशी त्यांनी ती पर्समधून काढून माझ्यासमोर ठेवली.

"धाकटी बहीण मागत होती," म्हणाल्या. "तिच्या लग्नाचा वाढदिवस आलाय, तीन-चार किलो पटकन उतरवायचेत तिला. दिल्या नाहीत."

मी विचारलं, बहिणीला काही त्रास आहे का.

"नाही, काही नाही. तब्येत ठणठणीत आहे तिची." मग एक क्षण थांबून, "बीपीची गोळी तेवढी घेते."